चपलेचं रबर

देवमन : गाडी बंदच राहू द्या, ताई. आता स्टेरिंग थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं हालवा. पुरं नोका फिरवू. पाळणा हालवता तसं.

उज्ज्वला : पाहा आता. काही नाही. घरून निघाल्यापासून टकटक करून राह्यली, अन् तुमच्या गॅरेजात शिरल्याबरोबर शहाण्यासारखी चुप बसली.

देवमन : चुप नाही बसली. आता चाबी लावा, गाडी सुरू करा. हां. हालवा तसंच.

उज्ज्वला : आला. ऐकलं तुमी?

देवमन : ऐकलं.

उज्ज्वला : माय, तू ऐकलं का? आता नोको म्हणू माहे कान वाजतात म्हणून.

आवडाबाई : मले नाही आलं काही ऐकू. उज्ज्वले, उशीर होऊन राह्यला. दोन वाजता आपला सहीचा नंबर आहे. तुहा भाऊ पवन सकाळपासून वाशीमले जाऊन बसला.

देवमन : मावशी, तुमी उतरून सावलीत बसा. ते खुर्ची घ्या. हात कसा आहे आता?

आवडाबाई : कोणता हात?

देवमन : उजवा. म्हंजे... डाव्या हातानं दार उघडून राह्यल्या तुमी, म्हणून इचारलं.

आवडाबाई : न्हाणीत पाय घसरला होता दिवाळीच्या आंधी. बरा आहे.

उज्ज्वला : मनगट मोडलं होतं, भाऊ. वीस दिवस माह्या घरी होती. वेणीफणी, जेवण, सारं मीच. लहान लेकरासारखी भरवली तिले. अजूनही गाडीत बसली की तोच हात धरून बसते. आज तं सकाळी हट्टच धरला, मी जीपनं जातो म्हणे वाशीमले. घरची गाडी दारात उभी असताना ही जीपमधी कोंबून जाईन. बळंच बसवली, तं बसली मांगच्या सीटवर. पुढं ये म्हटलं तं नाही.

आवडाबाई : पुढं ऊन लागते.

देवमन : आवाज कधीपासून आहे, ताई?

उज्ज्वला : सांगतो ना. माह्या भावानं भाऊबीजेले देली मले ही गाडी. त्यानं नवी घेतली, अन् ही मले ओवाळणीत. साऱ्या गावात बोभाटा झाला, उज्ज्वलेच्या भावानं तिले गाडी देली. माह्या सासूनं तं नारळ फोडलं. पंधरा दिवस काही नाही, लोण्यासारखी चालली. मंग बारीक आवाज सुरू झाला. आधी वाटलं निकिताचा डबा वाजते. माही पोरगी, बारावीले आहे, तिले रोज क्लासले सोडतो मी याच गाडीनं. डबा मांडीवर घेऊन बसवलं तिले, तरी आवाज. मंग वाटलं मांगचे वांग्याचे कॅरेट असतीन. ते काढून पाह्यले, तरी आवाज. घरधन्याले म्हटलं तं ते म्हणे रस्ता खराब आहे. पवनले फोन केला, तं हसला. म्हणे ताई, जुन्या गाडीले आवाज राह्यतेच, तू गाण्याचा आवाज वाढवत जाय. वाढवला. तरी हाताले लागे. कानानं नाही, हातानं ऐकू येत होतं मले.

देवमन : बरोबर बोल्ल्या. हे हातानंच ऐकू येते. तुमचा डावा हात द्या इकडं. स्टेरिंगच्या खालती हे जे जाड नळकांडं आहे, त्याच्यावर ठेवा. उजव्यानं हालवा. लागलं?

उज्ज्वला : लागलं. कोणी आतून टिचकी मारून राह्यलं जसं.

देवमन : आता मी पुढची चाकं जॅकवर घेतो अन् खालून पाहतो. खालचे जॉइंट ढिले असले तं आवाज खालून येते, पायाकडून. तुमी वरून हालवत राहा.

आवडाबाई : किती वेळ लागते याले?

देवमन : पाहू द्या ना, मावशी. ... नाही. खाली काही नाही. चारही जॉइंट टाईट आहेत. मधातल्या दांड्याचा जोडही पक्का आहे. आवाज वरतीच आहे, मोटारीत. ताई, एक सांगा, आत हे चटईवर चिकट काय आहे?

उज्ज्वला : ते तेल आहे.

देवमन : कायचं तेल?

उज्ज्वला : गोडेतेल. आता हसू नोका. मी दर शनिवारी मारुतीले तेल वाहतो. शिशीत जे उरे ते इथं, स्टेरिंगच्या फटीतून दोन-चार चमचे सोडत होतो. आमच्याकडं दार करकरलं तं तेल, बैलबंडीचं चाक बोललं तं वंगण, शिलाई मशीन वाजली तं तेल. म्हटलं हे बी लोखंडच आहे. अन् देवाचं तेल आहे, वाईट तं करणार नाही.

देवमन : किती शनिवार?

उज्ज्वला : सात-आठ झाले असतीन.

देवमन : ताई, हे जुन्या गाड्यांसारखं नाही. त्याईत तेलावर चाले स्टेरिंग. याच्यात तेलाचं कामच नाही. आत इजेची मोटार आहे. तुमी हात फिरवता तवा ते मदत करते, म्हणून दोन बोटांनं फिरते तुमचं स्टेरिंग. मोटार अन् दांड्याच्या मधात एक रबर राह्यते, फुलासारखं, सहा पाकळ्याचं. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं. त्याच्यावर दोन्हीकडून लोखंडाचे दात बसतात. रबर झिजलं की दातावर दात आदळते. तोच हा आवाज. अन् रबराले तेल चालत नाही. फुगते, मऊ पडते, भुगा होते.

आवडाबाई : आता बोल. म्हंजे हिनंच खराब केली. चांगली गाडी देली लेकरानं, अन् हिनं आठ शनिवार तेल पाजलं त्याले. वरून भावाले फोन, आवाज येते म्हणून.

उज्ज्वला : आवाज आंधी आला, माय. तेल मंग टाकलं.

आवडाबाई : तुह्या मनात राह्यते काही. बापाच्या वावरावर सही कराची आली की गाडीत आवाज, रस्त्यात गॅरेज. सरळ सांग ना, कराची नाही म्हणून.

उज्ज्वला : मी कधी म्हटलं कराची नाही? बापू गेले त्याच्या तेराव्यालेच पवनले सांगतलं मी, तू लिहून आण, मी सही करतो. बहिणीनं हक्क सोडला नाही तं माहेर तुटते म्हणतात, मले माहेर पाह्यजे. वकिलानं मले दोनदा इचारलं, ताई तुमचा हिस्सा बरोबरीचा आहे, समजून करून राह्यल्या ना. मी म्हटलं, माह्या भावानं मले गाडी देली साहेब, तो मले कधी उघड्यावर नाही पाडणार. तो वकील माह्याकडं पाहतच राह्यला.

देवमन : ताई, चाबी लावा एक वेळ. सुरू नोका करू. समोर लाईटी लागतात त्या पाहा. स्टेरिंगचं चित्र असलेली पिवळी लाईट लागली का?

उज्ज्वला : नाही. तेलाची लागली, बॅटरीची लागली, हँडब्रेकची. स्टेरिंगची कधीच नाही लागली. चांगलं आहे ना ते?

देवमन : चाबी लावली की सगळ्याच लागाले पाह्यजे, अन् मंग इझाले पाह्यजे. म्हंजे समजते की लाईट जिवंत आहे. जे कधी लागतच नाही ते चांगलं नाही.

उज्ज्वला : बल्ब गेला असंन.

देवमन : ... असंन. खोलून पाहतो. तुमी चहा घ्या तिकडं टपरीवर. तासभर लागंन. नवीन रबर आहे माह्याजवळ. लय गाड्या येतात या दुखण्याच्या, म्हणून अकोल्याहून आणून ठेवतो. एका किलो वांग्याएवढं महाग नाही.

उज्ज्वला : चहा नोको. मी इथंच उभी राह्यतो. मले पाहू द्या काय वाजत होतं इतके दिवस.

आवडाबाई : कायले पाहाचं? मिस्तरीचं काम मिस्तरी करंन. चाल, मले पाणी पाह्यजे.

उज्ज्वला : बाटली आहे तुह्या पिशवीत.

देवमन : हे मोटार निघाली. पाहा, दाताईले भुगा लागला आहे. अन् हे... हे राह्यलेलं रबर. ठेवतो बाजूले. नवीन बसवू आता.

उज्ज्वला : द्या इकडं.

देवमन : फेकाचंच आहे ते, ताई. हात भरतीन तुमचे.

उज्ज्वला : द्या ना. ... हे फूल कुठं आहे? दोन पाकळ्या गायब, बाकीच्या वेड्यावाकड्या, कात्रीनं कापल्यासारख्या. तुमचं नवीन काळं आहे. हे हिरवं काहून आहे?

देवमन : कोणी तरी कापून बसवलं असंन.

उज्ज्वला : थांबा, पुसून पाहतो. याच्यावर नक्षी आहे. बारीक मोराचं पीस. माय, हे पाह्य.

आवडाबाई : मले चष्म्याशिवाय दिसत नाही.

उज्ज्वला : चष्मा लाव मंग. हिरवी चप्पल, तळव्यावर मोराचं पीस. वाशीमच्या बाजारातून मी घेऊन देली होती तुले, गुडघे दुखतात म्हणून जाड तळव्याची. चार दुकानं फिरली होती मी. अन् दिवाळीत तू म्हटलं, शिरपूरच्या बाजारात हरवली.

आवडाबाई : अशा चपला लय राह्यतात बाजारात.

उज्ज्वला : भाऊ, हे कोणं बसवलं?

देवमन : हे नवीन बसवू द्या आंधी, ताई.

उज्ज्वला : देवमनभाऊ, मी तुमाले इचारून राह्यली.

देवमन : मी बसवलं.

आवडाबाई : झालं. आता या माणसाचं ऐकत बस.

देवमन : ऐकू द्या मावशी, आता लपवून काही उपयोग नाही. ताई, दिवाळीच्या आठ दिवस आंधी पवनभाऊनं गाडी टोचन करून आणली होती इथं. वळणावर स्टेरिंग एकाएकी जड पडलं. तुटत नाही ते, फिरते, पण दोन बोटांची सवय असलेल्या माणसाले दोन्ही हातांनं ओढावं लागते, अन् तेवढा येळ वळणावर भेटत नाही. गाडी तुरीच्या वावरात उतरली. मावशी पुढच्या सीटवर होत्या. हात समोर आपटला. त्याच खुर्चीवर बसल्या होत्या इथं, हाताले दुपट्टा बांधून, एका पायात चप्पल. दुसरीचा पट्टा तुटला होता, ते हातात होती.

उज्ज्वला : न्हाणीत नाही पडली मंग.

देवमन : मी म्हटलं, अकोल्याहून रबर आणतो, दोन दिवस लागतीन. पवनभाऊ म्हणे दोन दिवस नाहीत, गाडी द्याची आहे, चार दिवस आवाज दबला तरी झालं. मले वाटलं दलालाले देते. दलाल गाडी खोलूनच घेते, त्याले सापडंन. तुटकी चप्पल समोर होती. मी तळवा कापला अन् बसवला. लाईट लागत होती तं म्हणे तेही पाह्य. तिच्या मांग काळी पट्टी लावली. तेही मीच. गिऱ्हाईक कोण ते मले नव्हतं सांगतलं.

उज्ज्वला : गिऱ्हाईक मी.

देवमन : आज गाडी आत वळली तवा नंबर वळखला. मावशी उतरल्या तवा सारं समजलं. तरी बोललो नाही. म्हटलं नवीन रबर टाकतो, पट्टी काढतो, अन् चुपचाप मोकळा होतो. तुमचं तेल सापडलं तं बरंच वाटलं, खोटं कायले सांगू. गलती माही आहे.

उज्ज्वला : तुमची आहेच. पण तुमी माहे कोणी नाही. तुमच्यावर रागवाले मले पुढं येळ भेटंन. माय, तू बोल.

आवडाबाई : काय बोलू?

उज्ज्वला : तूनं वीस दिवस माह्या हातानं खाल्लं. त्याच वीस दिवसांत भाऊबीज आली. पवन गाडी घेऊन आला, मी ओवाळलं, तू पाटाच्या बाजूले बसली होतीस. तो हात गळ्यात बांधून. मी चाबी घेतली तवा तू काय म्हटलं, आठवते का? म्हटलं, सुखी राह्य.

आवडाबाई : मी त्याले म्हटलं होतं, उज्ज्वलेले देऊ नको. तो म्हणे, ती कुठं लांब जाते, वावर ते बाजार, तिले चालते. त्याची बायको निता बी म्हणे, दुसरं काही द्या म्हटलं तं सोनं द्या लागंन. मी काय करू?

उज्ज्वला : मले सांगू शकत होतीस.

आवडाबाई : सांगतलं असतं तं तू सही केली असती?

उज्ज्वला : हाव. केली असती. हेच तं तुमाले कोणालेच समजलं नाही. गाडी नसती देली तरी केली असती. एक साधं लुगडं देलं असतं तरी केली असती.

आवडाबाई : आता तुले वाटते तसं.

उज्ज्वला : निकिता बसते त्या सीटवर, माय. तू जिथं बसली होतीस, तिथं. रोज. तुही नात.

आवडाबाई : मले ठाऊक नाही का? मी दर शनिवारी उपास धरतो तिच्यासाठी. दिवाळीपासून एक शनिवार सोडला नाही. दिवसभर पाण्यावर राह्यतो, तिची गाडी नीट घरी येऊ दे म्हणतो.

उज्ज्वला : तू शनिवारी उपास धरला, अन् मी शनिवारी तेल टाकलं. चांगला कामाले लावला आपण मारुतीले. एक फोन लावला असता तं त्या बिचाऱ्याची सुटका झाली असती.

आवडाबाई : तुले बोलणं सोपं आहे. तुह्या डोक्यावर तुहं घर आहे. मले मराले त्याच्याच दारात जाचं आहे. तो दोन टाईम भाकर देते मले. त्याच्या मनाइरुद्ध गेली असती तं मी कुठं गेली असती?

उज्ज्वला : माह्याकडं.

आवडाबाई : लेकीच्या दारात? लोक काय म्हणतीन?

उज्ज्वला : वीस दिवस कोणी काही नाही म्हटलं.

आवडाबाई : ते दुखण्यासाठी होतं. जन्म काढाले वेगळं राह्यते.

देवमन : ताई, रबर बसलं. पट्टीही काढली. चाबी लावा.

उज्ज्वला : लागली. पिवळी. ... इझली.

देवमन : आता सुरू करून हालवा. नळकांड्यावर हात ठेवा.

उज्ज्वला : काही नाही. हाताले काहीच लागत नाही.

देवमन : आता पुरं फिरवा, एका टोकापासून दुसऱ्या टोकाले. थांबा, लॅपटॉप लावून मधला बिंदू धरून देतो, नाही तं एका अंगाले ओढंन. ... झालं. एक चक्कर मारून येतो मी, गतिरोधकावरून.

उज्ज्वला : नाही. मीच मारतो चक्कर. या, बसा बाजूले तुमी. पुढच्या सीटवर.

(दहा मिनिटांनी गाडी परत गॅरेजात येते. उज्ज्वलाचा फोन वाजतो. पलीकडचं बोलणं ऐकू येत नाही.)

उज्ज्वला : हाव, पवन. शेलूबाजारातच आहो. ... नाही, बिघाड मोठा नव्हता. काढला. ... माय ठीक आहे. ... वकील थांबला आहे तं त्याले जाऊ दे जेवाले. मी येत नाही आज. ... उद्याही नाही. ... मिस्तरीचं नाव देवमन आहे. तू वळखतो त्याले. ... मायनं नाही सांगतलं. ... नाही, मी भांडत नाही. सही झाल्यावर मले द्याले साडी घेतली ना तूनं? नितालेच देजो ते. ... गाडी? गाडी आता चांगली झाली. तुले वापस पाह्यजे असंन तं घेऊन जाय. फक्त ते हिरवं रबर मी ठेवून घेतो. ... ठेवतो फोन.

आवडाबाई : काय म्हणे?

उज्ज्वला : पह्यले म्हणे मायनं सांगतलं का? मंग म्हणे, तुले काही झालं तं नाही ना. काही झालं नाही, तं मंग झालं काय एवढं.

आवडाबाई : आता तो मले घरात घेईन का? तूनं माहं काय करून ठेवलं, उज्ज्वले.

उज्ज्वला : घेईन. वावराच्या कागदावर तुही सही बाकी आहे ना अजून.

देवमन : ताई, आजचं काम माह्याकडून. त्या दिवशीच कराले पाह्यजे होतं हे.

उज्ज्वला : नाही, भाऊ. जे होते ते घ्या. फुकटची गाडी घेऊन पाह्यली मी एकदा. अन् दुसऱ्याच्या लाईटीवर पट्टी नोका लावू यापुढं. ती कोणासाठी लागत राह्यते ते तुमाले ठाऊक नसते.

देवमन : नाही लावणार.

उज्ज्वला : चाल, माय. ऊठ. हात दे, डावा दे. मांग नोको बसू, पुढं बस. आता भेव नाही.

आवडाबाई : कुठं चाल्ली?

उज्ज्वला : घरी.

आवडाबाई : कोणाच्या घरी?

उज्ज्वला : तुले तुह्या घरी सोडतो. फाटकापाशीच उतरवून देईन, आत येणार नाही. मंग मी माह्या घरी जातो. मले आता तेवढं एकच आहे.